सशाची किंकाळी आणि बिबट्याचे कान

प्रश्न : जुन्नर तालुक्यातल्या घाटघरच्या माळावर शिट्टीने आवाज काढला की ससा जवळ येतो, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : ससा एरवी मुकाच. किंचाळतो तो पकडला गेल्यावर, तान्ह्या बाळासारखा. परदेशातले शिकारी शिट्टीनं याच किंकाळीची नक्कल करतात, पण बहुधा कोल्ह्यांना बोलावण्यासाठी. बिबट्यांच्या जुन्नर तालुक्यात तिन्हीसांजेला असा आवाज काढणं म्हणजे बिबट्यालाच आवतण.

शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाला संरक्षण आहे. वाघूर लावणं, फासे मांडणं, आमिष दाखवणं, हीसुद्धा शिकारच.

ससा पाहायचाय? मग जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी पहाटे गवताच्या कडेला, वारा तोंडावर घेऊन, हालचाल न करता बसावं. दिवसा तो बिळात नसतो. गवतातल्या उथळ खळग्यात, कान पाठीला चिकटवून दबून बसलेला असतो.