अडखळणारें एंजिन

चांगला वैद्य रोग्याची नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं. परंतु मोटार बिघडली म्हणजे पुष्कळ लोक कांहीं न तपासतां एकामागून एक भाग बदलूं लागतात. त्यांत पैसा जातो, आणि बिघाड होता तेथेंच राहतो. यास्तव एका जुन्या गाडीच्या उदाहरणानें बिघाड शोधण्याची रीत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें १९२७ ते १९३१ या काळांत ‘मॉडेल ए’ जातीच्या ४५ लक्षांहून अधिक गाड्या बांधल्या. मागें उघडा हौदा असलेली लहान मालमोटार, म्हणजे पिकअप, हा त्यांतीलच एक प्रकार होय. हिचें एंजिन चार सिलिंडरांचें व ४० अश्वशक्तीचें असून सिलिंडर १, २, ४, ३ या क्रमानें पेटतात. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदां पेटतो. एंजिन मिनिटास ६०० फेरे करीत असेल तर सेकंदास २० ठिणग्या पडतात. एक सिलिंडर निकामी झाला कीं त्या वीस धक्क्यांतील पांच नाहींसे होतात, व सारी गाडी हादरूं लागते. शिवाय न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेतें, व एंजिन लौकर झिजतें. म्हणून उपेक्षा करणें महागांत पडतें.

प्रथम सावधगिरी सांगतों. बंद खोलींत एंजिन कधींहि चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, पण तो प्राण घेतो. पेट्रोलजवळ दिवा अगर आगकाडी नेऊं नये. जाणत्या मनुष्यावांचून मुलांनीं हे प्रयोग करूं नयेत.

एंजिनास तीन गोष्टी लागतात: योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी व पुरेसा दाब. यांपैकीं काय उणें आहे हें ओळखण्यासाठीं आधीं धुराच्या नळीजवळ कान द्यावा. ठराविक तालानें ठोका चुकत असेल तर दोष बहुधा एका सिलिंडरांत असतो. अनियमित चुकत असेल तर पेट्रोल किंवा ठिणगी यांच्या सामायिक व्यवस्थेकडे वळावें.

निकामी सिलिंडर कोणता? लांकडी मुठीचा पेंचकस घेऊन त्याचें पातें एंजिनाच्या लोखंडी डोक्यास टेकवावें, व तेंच एका प्लगच्या टोंकास लावावें. त्या प्लगची ठिणगी बंद पडते. आवाज अधिक बिघडला तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं तर तोच आळशी होय. मग एंजिन थंड करून त्याचा प्लग शेजारच्याशीं बदलावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब आहे. दोष जागींच राहिला तर दाब मोजावा. दाब कमी निघाल्यास सिलिंडरांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजावा: वाढला तर दट्ट्याचीं कडीं झिजलेलीं आहेत, न वाढल्यास झडप नीट बसत नाहीं असें समजावें. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असेल तर मधलें गॅस्केट फुटलें असावें.

दोष सामायिक असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधील संपर्कबिंदू पाहावे. त्यांतील फट इंचाच्या १८ ते २२ सहस्रांश असावी. या गाडींत पेट्रोलची टांकी चालकाच्या समोरच्या भागांत उंचावर असून पेट्रोल आपल्याच वजनानें कार्बुरेटरकडे उतरतें. वाटेंतील गाळाच्या वाटींत पाणी सांचलें तर तें तळाशीं दिसतें, कारण पाणी पेट्रोलहून जड आहे. मिश्रण दाट करतांच एंजिन सुधारलें, तर पेट्रोलचें बारीक छिद्र तुंबलें आहे किंवा एखाद्या सांध्यांतून जास्त हवा शिरत आहे, असा तर्क करावा.

या साऱ्या शोधांत नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि परिणाम लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर एंजिन सुधारेलहि. पण कशामुळें सुधारलें हें कळणार नाहीं, व पुढील खेपेस आपण पुन्हां अज्ञानीच राहूं. प्रयोगशाळेंत आपण जी शिस्त शिकतों, तीच शिस्त गाडीच्या झांकणाखालींहि उपयोगी पडते.