दोन प्रती, पण जागा एकच!



माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या तिने लॅपटॉपमध्ये घेतल्या, शिवाय एका छोट्या हार्ड डिस्कवरही उतरवून ठेवल्या. मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून तेथून त्या पुसून टाकल्या. पुढे पैठणहून छत्रपती संभाजीनगरला येताना तिची बॅग एसटीत राहिली ती कायमचीच. लॅपटॉप त्या बॅगेत आणि हार्ड डिस्कही त्याच बॅगेत! आजी तोवर वारली होती. "सर, माझ्याजवळ दोन प्रती होत्या हो," ती म्हणाली. खरोखर किती होत्या? थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे गणित यांच्या मदतीने आज आपण हे पाहू.

साधने बिघडतात कशी?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली तबकडी असते. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२०! माहिती वाचणारे टोक तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. आपल्या केसाची जाडी सुमारे ७०,००० नॅनोमीटर असते, यावरून हे अंतर किती सूक्ष्म आहे याची कल्पना करा. चालू डिस्कला धक्का बसला, तर टोक तबकडीवर घासते आणि तेथील माहिती जाते.

एसएसडी आणि पेन ड्राइव्ह यांत फिरणारा भाग मुळीच नसतो. त्यांत माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन. त्यामुळे ही साधने धक्का सोसतात. पण प्रत्येक कप्प्यात लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते, आणि खूप वापरलेली एसएसडी वीजपुरवठ्याविना उन्हाळ्याच्या तापमानात दीर्घकाळ पडून राहिली, तर इलेक्ट्रॉन हळूहळू निसटू लागतात. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता यांनी तो खराब होतो.

मग सर्वांत चांगले साधन कोणते? प्रश्नच थोडा चुकला आहे. न बिघडणारे साधन नाहीच. प्रत्येकाची बिघडण्याची रीत तेवढी वेगळी.

गुणाकार केव्हा चालतो?

हजारो हार्ड डिस्क चालविणाऱ्या मोठ्या संगणक-केंद्रांचा अनुभव असा, की वर्षभरात शंभरांतील साधारण एक-दोन डिस्क बंद पडतात. आपण दोन धरू. एक डिस्क वर्षभर टिकण्याची संभाव्यता ०.९८. पाच वर्षे टिकण्याची ०.९८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.९०. म्हणजे पाच वर्षांत दहांतील जवळजवळ एक डिस्क जाणार!

आता दोन डिस्क घेतल्या, तर एकाच वर्षात दोन्ही जाण्याची संभाव्यता ०.०२ × ०.०२ = ०.०००४, म्हणजे २,५०० मध्ये एक. केवढा फरक पडला! परंतु गुणाकाराचा हा नियम दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच लागू पडतो. एकाच बॅगेतील दोन प्रती स्वतंत्र नसतात. बॅग गेली की दोन्ही गेल्या. आग, पाणी, चोरी, विजेचा दाब एकाएकी वाढणे, ही कारणे डिस्क मोजत बसत नाहीत.

अजिंठ्याच्या नकला

याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रे झिजत होती. त्यांच्या नकला करण्याचे काम १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे आले. लेण्यांजवळ राहून त्यांनी अनेक वर्षे त्यात घालविली. चित्रे लंडनला गेली, तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत मोजकी वगळता सारी जळाली.

मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम करू लागले. त्यांच्याही नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात एकत्र ठेवल्या होत्या. १८८५ मध्ये तेथेही आग लागली आणि अनेक चित्रे नष्ट झाली. मात्र ग्रिफिथ्स यांचा छापील ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला, त्याच्या प्रती ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत गेल्या. आता एका आगीने सगळ्या प्रती जाणे शक्य नव्हते.

मग करायचे काय?

तीन-दोन-एक हा नियम लक्षात ठेवा. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी: नातेवाइकांच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. मात्र एक सावधगिरी हवी. मोबाइलशी आपोआप जुळणाऱ्या साठ्यात एकीकडे पुसलेले दुसरीकडेही पुसले जाऊ शकते. ती प्रत नव्हे, आरसा होय. आणि वर्षातून एकदा तरी प्रत उघडून पाहा. न उघडलेली प्रत ही केवळ आशा असते.

करून पाहा : तुमच्या घरातील जिवापाड जपावी अशी एक फाइल निवडा. तिच्या प्रती कोठे कोठे आहेत ते कागदावर लिहा. एका आगीत किंवा एका चोरीत ज्या एकत्र जातील, त्यांना मिळून एकच आकडा द्या. उत्तर एक आले, तर आजच उठा.

त्या विद्यार्थिनीचे उत्तर एकच होते, असे आम्ही दोघांनी मिळून काढले. मग तिला आठवले, की त्यांतल्या दोन ओव्या तिने सोलापूरच्या मावशीला मोबाइलवरून पाठविल्या होत्या. त्या दोन तेवढ्या आज ऐकता येतात.