भुताचं पान त्यालाच उलटू दे

अगं, पोरगं रोज रात्री भुताची गोष्ट मागतं म्हणून एवढी काळजीत पडलीस? खरं सांगू का, भुताची गोष्ट मागणारं लेकरू भित्रं नसतं. त्याला तुझ्या मांडीवर बसून थोडंसं दचकायचं असतं, बस्स.

गोष्ट मात्र बघून निवड. चार-पाच वर्षांच्या लेकराला खरं काय, खोटं काय ते अजून नीट उमगत नाही. म्हणून भीती त्याच गोष्टीत संपायला हवी. म्हातारी नि भोपळ्याची गोष्ट बघ. वाघ खायला टपलेला असतो, पण म्हातारी भोपळ्यात बसून घरी पोचते. वेताळाची घाई करू नकोस. जुन्या ‘चांदोबा’ मासिकातलं चित्रकार शंकर यांचं चित्र आठवतं ना, तलवार उपसलेला, खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम राजा? चित्र देखणं आहे गं, पण वेताळ दर वेळी झाडावर परत जातो, गोष्ट मिटतच नाही. ती गोष्ट तो आठ-नऊ वर्षांचा झाला की दे.

पुस्तकं कुठून आणू, म्हणशील. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ मोबाइलवर उघड, मराठी चित्रगोष्टी फुकट वाचायला मिळतात. आधी तू एकटी शेवटच्या पानापर्यंत वाचून घे, मग त्याला दाखव.

आता आपल्या पिंपळगावात मिरचीचे दिवस. दिवसभर तोडणी करून येतेस, हात कितीही धुतले तरी बोटं झोंबतात, लेकराच्या डोळ्याला लागायची धास्ती वेगळीच. मग तू नुसती वाच, पान त्यालाच उलटू दे. खरं तर हात झोंबत नसले तरी हेच कर. भुताच्या पानाशी तो थबकला तर थबकू दे. तळहाताने चित्र झाकलं, तर हसू नकोस. बोटांच्या फटीतून तो बघतच असतो! पुढे कधी जायचं हे त्याच्या हातात असलं, की भीती आटोक्यात राहते बघ. आणि तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नकोस. पुढे काय होणार ते ठाऊक असतं, म्हणून तर त्याला धीर येतो.

एक मात्र बजावून सांगते. ताटातला घास संपावा म्हणून त्याच भुताला हाक मारायची नाही. ‘खा, नाहीतर बागुलबुवा नेईल’ म्हटलंस, की पुस्तकातलं भूत घरात येऊन बसतं. मग अंधारात मोरीपर्यंतसुद्धा तो एकटा जायचा नाही. सासूबाईंनाही सांग हे, पण गोडीनं. त्यांनाच एक गोष्ट रंगवून सांगायला लाव की!