रिकामी यादी आली म्हणून उत्तर नाही असं समजू नका

पायथनमधलं सिंपाय, म्हणजे चिन्हांनी बीजगणित करणारं साधन, शिकलो तेव्हा मला एक खोड लागली होती. चल घोषित करतानाच त्याला ‘पॉझिटिव्ह’ करून टाकायचं. १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्वत्वरण जी १० धरलं, तर तो जमिनीवर कधी पडेल? उत्तरं दोन येतात, ३ आणि उणे १. वेळ टी धन आहे असं आधीच सांगितलं की उणे १ आपोआप गळतं. मुलांना हे दाखवताना भलताच रुबाब वाटायचा.

मग त्याच गणितात तीन सेकंदांनंतरचा वाय विचारला, गच्चीपासून मोजलेली उंची. समीकरण सोडवणाऱ्या ‘सॉल्व्ह’ने रिकामी यादी दिली. तोंडी केलं तरी ३० वजा ४५, उणे १५ येतात! पण सवयीने मी वायही धन ठरवला होता. त्यामुळे आलेलं उत्तर चाळणीतच अडकलं.

खरी फजिती पुढेच झाली. घाईघाईत नोटबुकच्या खालच्या सेलमध्ये वाय पुन्हा घोषित केला, या वेळी काहीही न लावता. पुन्हा रिकामी यादी. वायच्या जागी उणे १५ घातले, तरी समीकरण ढिम्म. शेवटी जुन्या वायमधून नवा वाय वजा केला, तर शून्यही येईना! सिंपायच्या लेखी नाव तेच असलं तरी गृहीतक वेगळं म्हणजे चल वेगळा. समीकरणात जुना वाय होता, मी शोधत होतो नवा. पडद्यावर दोघेही नुसते ‘वाय’.

म्हणून गृहीतकं सोडून द्यायची का? मुळीच नाही. एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ एक्स तेव्हाच होतं, जेव्हा एक्स धन आहे, किंवा निदान ऋण नाही, हे सांगितलेलं असतं. नुसतं ‘रिअल’ म्हटलंत तर निरपेक्ष मूल्य मिळतं, काहीच न सांगितल्यास ते वर्गमूळ तसंच राहतं. वस्तुमान, लांबी खुशाल धन ठेवा. स्थान, वेग, विद्युतप्रवाह यांना मात्र दिशा असते, तिथे ‘रिअल’वर थांबा. शंका आली तर वायलाच ‘इज पॉझिटिव्ह’ विचारा. ट्रू, फॉल्स किंवा नन असं उत्तर येईल, आणि नन म्हणजे ‘ठाऊक नाही’.

गृहीतक बदललंत तर नुसती घोषणा बदलून भागत नाही. त्याखालचं समीकरणही पुन्हा चालवा.