खुडूक कोंबडी आणि राउंड रॉबिन

रविवारी मेसच्या ताटात येणारा ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरतो. पण त्याच्या पैदाशीचे मूळ वंश कंपनीच्या ताब्यात असतात. याउलट आपल्या कॉलेजपासून थोडं पुढे, पनवेल-उरणकडच्या एखाद्या वाडीतली गावठी कोंबडी बघा. अंडी वर्षाला जेमतेम ५०-६०, पण ती खुडूक होते, २१ दिवस बसते आणि पुढची पिढी स्वतःच काढते. ना इन्क्युबेटर, ना वीज!

अंडी वाढावीत म्हणून हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने 'वनराजा' आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने 'गिरिराजा' या परसातल्या संकरित कोंबड्या तयार केल्या. वनराजा परसातही शंभरावर अंडी देते. पण ती क्वचितच खुडूक होते आणि संकरित असल्यामुळे तिचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात. म्हणजे दरवेळी पिल्लं विकतच आणायची. पुरवठा थांबला की खुराडं रिकामं!

मग दोन्हींचे गुण असलेला, स्वतःच्या पायावर उभा राहणारा कळप करता येईल का? येईल, पण सिस्टीम हवी.

१) संकर : गावठी माद्यांना वनराजाचा नर द्या. पुढच्या पिढ्यांत नाना तऱ्हेची पिल्लं निघतील. घाबरू नका, हाच आपला कच्चा माल.

२) निवड : पायात रिंग घाला आणि वही ठेवा. वजन बऱ्यापैकी वारशाने येतं, अंड्यांची संख्या त्यामानाने कमी. कोंबडा तर अंडी देत नाही, म्हणून त्याची आई आणि बहिणी किती देतात ते पाहून त्याला निवडा. सगळ्याच तलंगा खुडूक व्हायला लागल्या तर अंडी घटतील, एकही झाली नाही तर पिल्लं नाहीत. दोन्हींचा मेळ ठेवा. मानमोडीची लस मात्र चुकवू नका.

३) नर : खरी गोम इथे आहे. स्यूएल राइट यांचं सूत्र सांगतं :

परिणामी संख्या = ४ × नर × माद्या ÷ (नर + माद्या)

१ नर, १२ माद्या : ४८ ÷ १३ = ३.७. दिसायला तेरा, हिशोबात चारसुद्धा नाहीत! सगळी पिल्लं एकाच बापाची. एका पिढीत वाढणारं अंतःप्रजनन म्हणजे १ ÷ (२ × ३.७), जवळजवळ साडेतेरा टक्के. परिणाम काय? अंडी उबत नाहीत, पिल्लं मरतात.

आता माद्या त्याच १२, पण नर ३. संख्या ९.६, अंतःप्रजनन सुमारे सव्वापाच टक्के. यासाठी वाडीतली तीन घरं पुरतात. प्रत्येकाकडे ४ माद्या, १ नर. माद्या आपापल्या घरीच राहतात. पहिल्या घरचा तरुण नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये शिकलेलं राउंड रॉबिन आठवलं ना?

थोडक्यात काय, सर्वांत देखणा एकच कोंबडा ठेवून बाकीचे कापण्याचा मोह आवरायचा. निवडीने कळप सुधारतो, पण टिकतो तो शेजाऱ्याशी केलेल्या देवाणघेवाणीने. गावी जाल तेव्हा खुराड्यात कोंबडे किती आहेत, ते आधी मोजा!