रूप बघ, पण आधी बॉनेट उघड

अगं, बेदाण्याचे पैसे हातात आले की तू आधी बागेच्या ठिबकचं बघणार, हे मला ठाऊक होतं. ते मार्गी लावून आता मनासारखी गाडी घेतेयस, याचा मला फार आनंद झालाय. कोणी काही म्हणो, घे. पण तू पाठवलेल्या फोटोंत नुसतं ग्रिल, दिवे आणि डॅशबोर्डवरचा तो लांबलचक स्क्रीन. इंजिनाबद्दल एक अक्षर नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. पाहुण्यांनाही, म्हणजे तुझ्या नवऱ्यालाही, वाचायला दे.

या छोट्या आलिशान एसयूव्हींत ‘नवीन मॉडेल’ म्हटलं की कधी नुसता चेहरा बदललेला असतो, तर कधी गाडीच मुळापासून नवी असते. आणि रूप वाढलं म्हणजे इंजिन वाढलं असं अजिबात नसतं. तुला आवडलेली बीएमडब्ल्यू एक्स1च बघ. 2023 मध्ये ती भारतात नव्याने आली, आधीपेक्षा मोठी आणि ऐसपैस. पण पेट्रोलमध्ये आधी दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, 192 हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. ते जाऊन दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं, 136 हॉर्सपॉवरचं आलं. डिझेलला मात्र दोन लिटरचं चार सिलिंडरच राहिलं. ऑडी क्यू3 चं उलटं झालं. जुन्या पेट्रोल गाडीत 1.4 लिटरचं इंजिन होतं, 2022 मध्ये दोन लिटरचं, 190 हॉर्सपॉवरचं आलं आणि ताकद चारही चाकांना मिळाली. मर्सिडीज जीएलएचं पेट्रोल इंजिन 2021 मध्ये दोन लिटरवरून 1.3 वर आलं, पण सिलिंडर चारच. मर्सिडीज आणि रेनॉ यांनी मिळून केलेलं हे इंजिन आहे. 2020 च्या टर्बो डस्टरमध्येही त्याच घराण्यातलं होतं. पुढे 2024 मध्ये जीएलएचं ग्रिल आणि बंपर बदलले, इंजिनं तीच राहिली. अशा वेळी आधीच्या वर्षाची, कमी चाललेली गाडी चांगल्या दरात मिळत असेल तर मी तीच घेईन. नव्या बंपरसाठी लाखभर रुपये जास्त मोजायला माझा जीव होत नाही.

आता या इंजिनांतला टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक छोटं चक्र फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जळतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. क्यू3 मध्ये 320 न्यूटन-मीटरचा टॉर्क 1,500 आरपीएमपासूनच मिळतो. म्हणजे पसरणी घाटात वळणावर गाडी मंदावली, मागे सासूबाई, पोरं, डिकी गच्च भरलेली, तरी पाय दाबला की गाडी कुरकुर न करता उचलते. आपली सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर हवा विरळ होते, साध्या इंजिनाचा दम कमी पडतो. टर्बो हवा दाबूनच भरत असल्यामुळे ती उणीव बरीचशी भरून काढतो. आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांतला घाटरस्ता बघता टर्बोवर खर्च केलेला पैसा मला सार्थकी वाटतो.

मात्र त्याला जपावं लागतं. ते चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर. म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच इंजिन ऑइल वापर आणि ते मुदतीआधी बदल, मुदतीनंतर कधीच नको. सकाळी गाडी सुरू केल्या केल्या रेस करू नकोस. घाट चढून पाचगणीला पोचल्यावर लगेच बंद करू नकोस, शेवटचा किलोमीटर सावकाश चालव किंवा मिनिटभर तशीच चालू ठेव. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप घाट चढताना बटण दाबून बंद ठेव.

जुनी गाडी बघणार असाल तर पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाच. इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आहे. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या असतात. त्याआधीच्या गाडीला किती टक्के चालतं ते स्टिकरवर आणि पुस्तिकेत बघ. दलालाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस.

आणि जुनी गाडी घेताना पूर विसरू नकोस. 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, गावभाग, मारुती चौक सगळं बुडालं, हे तुला मी काय सांगू! पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या गावात विकली जाते. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढ. शेवटच्या हातभरावर गाळाची पिवळट रेघ दिसली तर तिथूनच माघारी फिर. सीटखालचं कार्पेट उचलून खालच्या स्क्रूवर गंज आहे का तेही बघ. नव्या गाडीचा विमा काढताना इंजिन प्रोटेक्शनचं वाढीव कलम न विसरता घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर साधा विमा ते नुकसान सहसा भरून देत नाही.

सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला सोयीचं की पुण्याला, तेही आधीच ठरवा. नाहीतर दर सर्व्हिसला पाहुण्यांचा अख्खा दिवस मोडेल आणि मग तेल बदलायची टाळाटाळ सुरू होईल. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर उरकू नका. माणसं भरून, एसी लावून चढावर न्या. पुण्यात बघणार असाल तर कात्रजचा चढ जवळच आहे. दिवस ठरला की कळव, मी साताऱ्याहून येते. मागच्या सीटवर मी बसेन, स्टिअरिंगवर तूच बस.