विकाऊ गाडीचा फोटो कसा काढावा?

आम्ही कापडाचे व्यापारी. आयुष्य ठाण मोजण्यात आणि उधारी वसूल करण्यात गेले. तेव्हा मोटारींच्या फोटोंवर आम्ही कलम चालवावी याचे काही वाचक बंधूंना नवल वाटेल. परंतु आपले कितीतरी बंधू जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आहेत, डेंटिंग-पेंटिंग करतात, सीट-कव्हर शिवतात. आज त्यांचे गिऱ्हाईक दारात येण्याआधी मोबाईलवर फोटो मागते. फोटो बिघडला की सौदा बिघडतो, हा तजुर्बा आम्ही स्वतः घेतला आहे.

आमच्या पेढीची माल पोचविण्याची एक पांढरी व्हॅन विकायची होती. भर दुपारी, गल्लीत, दुकानासमोर उभी करून आम्ही मोबाईलने आठ-दहा फोटो काढले आणि दलालामार्फत पाठवून दिले. जालन्याचे एक गृहस्थ ते पाहून पहाटेच्या एस.टी.ने मालेगावास आले. गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या दारावरील हातभर लांब ओरखड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "शेठ, हा फोटोत का नव्हता?" आम्ही तो लपविला नव्हता. पण दाराच्या रंगात समोरच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे आणि खुद्द आम्ही, असा सारा मोहल्ला उतरला होता. त्या गर्दीत ओरखडा हरवला. हे त्यांना पटवून द्यावे कसे? चहादेखील न घेता ते परत गेले. मालातील ऐब झाकून विकणे आपल्याकडे नाजायज मानले जाते, आणि आम्ही निव्वळ अडाणीपणामुळे तसे करणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसलो.

नंतर मोहल्ल्यातील एका डेंटर उस्तादांनी आमची कानउघाडणी केली. "चाचा, पॉलिश केलेला पत्रा हा आरसाच. आरशाचा फोटो काढायचा तर आरशात काय दिसते ते आधी बघावे लागते." ते स्वतः पत्र्यावरील पोचा शोधताना ट्यूबलाईट तिरकी धरतात. ट्यूबची पांढरी रेघ पत्र्यात सरळ दिसली तर पत्रा ठीक; रेघ वाकली तर तेथे पोचा आहे. म्हणजे आपल्या कारागिरांना ही विद्या येतेच, फक्त तिचा उपयोग कॅमेऱ्यासाठी केला जात नाही.

हा विषय आपल्याला परका नाही. बसऱ्यात इ.स. ९६५ च्या सुमारास जन्मलेले इब्न अल्-हैसम यांनी 'किताब अल्-मनाझिर' या ग्रंथात प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो हे मांडले. गोल आरशावरील नेमक्या कोणत्या जागेवरून प्रकाश उलटून डोळ्यापर्यंत येईल, हा भूमितीचा प्रश्न आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बॉनेट आणि फेंडर हे असेच बाकदार आरसे आहेत.

तेव्हा पहिला धडा असा की फोटो काढण्याआधी गाडीकडे पाठ करून उभे राहावे. तुमच्या समोर जे दिसेल तेच दारात उतरणार आहे. तेथे दूरवर मोकळे मैदान असेल तर जमीन आणि आभाळ यांची एकच स्वच्छ रेघ दारावरून आडवी जाते, आणि गाडीचा घाट उठून दिसतो. विजेचे खांब, टपऱ्या, उभे लोक असतील तर सारा खेळ बिघडतो. दाराचा खालचा भाग जमीन दाखवितो, म्हणून खडी-कचऱ्याच्या जागेपेक्षा साधा डांबरी रस्ता बरा.

दुसरी गोष्ट वेळेची. कापडवाला सॅटिनचे किंवा धूप-छांवचे ठाण उन्हात उघडत नाही, कारण उन्हात एके ठिकाणी चमक डोळे दिपविते आणि बाकीचा रंग मरतो. गाडीचेही तसेच आहे. सर्वांत उत्तम उजेड सूर्य बुडाल्यानंतरचा. मगरिबची जमाअत सुटल्यावर बाहेर पडावे, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे सारे आभाळच एक मोठा मऊ दिवा होऊन जाते. गाडी आधीच जागेवर लावून, धुऊन-पुसून ठेवावी, आणि जी बाजू दाखवायची ती मावळतीकडे करावी. उजेड कमी असल्याने हात हलतो. मोबाईल तिकाटण्यावर किंवा स्टुलावर टेकवावा.

आता कॅमेरा. महागड्या यंत्राची गरज नाही. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद असते, तिने जवळून फोटो काढला की बंपर फुगतो आणि मागचा भाग आकसतो. आखूड गाडी तर बेडकासारखी दिसते. सात-आठ मीटर मागे सरावे आणि दुप्पट झूम करावे. कॅमेरा छातीशी न धरता हेडलाईटच्या उंचीवर आणावा, गुडघे टेकावे लागले तरी हरकत नाही. पुढून थोडे तिरके उभे राहिले की तोंड आणि एक बाजू दोन्ही येतात. स्टिअरिंग इतके वळवावे की चाकाची रिम कॅमेऱ्याकडे यावी, टायरची नक्षी नव्हे.

रंगाचे एक गणित कापडवाल्यांना चटकन कळेल. पांढऱ्या लठ्ठ्याचा फोटो मळकट का येतो? कॅमेरा प्रत्येक वस्तू मध्यम राखाडी समजून उजेड ठरवितो, म्हणून पांढरी गाडी राखाडी येते आणि काळी गाडी धुरकट. मोबाईलवर गाडीला बोट लावून उजेडाची पट्टी पांढऱ्यासाठी थोडी वर, काळ्यासाठी थोडी खाली सरकवावी. लाल रंग सर्वांत दगाबाज. लाल शालूचे विणकाम जसे फोटोत एक गोळा होते, तसा लाल गाडीचा घाट सपाट होतो; तेथे उजेड कमीच ठेवावा. मागाहून मोबाईलमध्ये रंग भडक करणे मात्र टाळावे, समोर गाडी पाहिल्यावर गिऱ्हाईकाचा विश्वास जातो.

गॅरेजमध्ये काढलेल्या फोटोंवर कधी आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. मोबाईलच्या प्रो व्यवस्थेत शटर १/५० किंवा १/१०० केले की पट्टे जातात.

ज्यांच्यापाशी कॅमेरा आहे त्यांनी एक पोलरायझर काच घ्यावी. ती फिरविली की काचेवरील आणि रंगावरील झगमग कमी होते. उघड्या क्रोमवर तिचा इलाज चालत नाही. अमेरिकेच्या एडविन लँड यांनी १९२९ साली अशा पातळ पत्र्याचे पेटंट मागितले, ते मुळात समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांची तिरीप अडवावी म्हणून. मोटार कारखानदारांनी ते घेतले नाही, फोटोवाल्यांनी घेतले! मात्र या काचेतून मागच्या काचेवर कधी ठिपके दिसतात. ते काच तापवून कडक करतानाच्या ताणाचे असतात, पण गिऱ्हाईक त्याला ऐब समजते. तो फोटो पोलरायझर काढून घ्यावा.

आणि ऐबाचा फोटो वेगळा काढावा. पोचा असेल तर उस्तादांप्रमाणे ट्यूब तिरकी धरून, शेजारी नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. चावी फिरवून किलोमीटरचा आकडा घ्यावा. टायरवरील चार आकडेही घ्यावेत. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातील. सीट-कव्हरचा फोटो उघड्या दारातून, उजेड पाठीमागून येईल असा काढला तर शिलाई दिसते. आमच्या सीट-कव्हरवाल्या बंधूंनी ही शिलाई दाखविण्यात कंजुषी करू नये, त्यांची सारी मेहनत तेथेच आहे.

त्या व्हॅनचे फोटो आम्ही महिन्याभराने पुन्हा काढले, गावाबाहेर, मगरिबनंतर. एकूण चौदा, त्यांपैकी दोन निव्वळ ओरखड्याचे. शहाद्याच्या एका किराणा व्यापाऱ्यांचा फोन आला. ओरखड्याचे चार हजार त्यांनी फोनवरच कमी करून घेतले आणि गाडी न्यायला ड्रायव्हर पाठविला.